अण्णा, तुमचं ते कलम

अण्णा, तुमच्या दहाव्याला मी एक घोळ घालून ठेवला. तुम्ही असतात तर तो गावभर सांगत फिरला असतात. आता नाहीत, म्हणून माझा मलाच सांगावा लागतोय.

त्याचं असं झालं. नदीकाठी पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून होता, चांगला धडधाकट, पण खाली यायचं नाव नाही. मग रिवाजाप्रमाणं भावकीतला एकेक जण पुढं येऊन हात जोडायला लागला. तुमचा संतोष म्हणाला, "अण्णा, आईला अंतर देणार न्हाई." कावळा ढिम्म. तुमच्या चुलतभावानं बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं, तेही एवढ्या लोकांसमोर. ढिम्म. कुणीतरी तंबाखूची पुडी ठेवली. ऊन चढायला लागलं, भटजी घड्याळ बघायला लागले. आणि मला एकदम वाटलं, तुमचा जीव खरा कशात अडकलाय हे इतक्या माणसांत फक्त मलाच ठाऊक आहे. मी पुढं झालो, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "अण्णा, तो जुना कायदा जाईल, नवा होईल. तुमचं कलम त्यात येईल. मी बघतो!"

मग मागून कुणीतरी हळूच विचारलं, "दाजी पाटबंधाऱ्यातच हायत न्हवं? का दिल्लीला बदली झाली?"

आणि कावळा उडाला. उडाला म्हणजे पार पलीकडच्या काठावर जाऊन बसला. कालव्याचं पाणी कुणाला कधी, त्या पाळीपत्रकापलीकडं माझ्या शब्दाला किंमत नाही, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. पण ते पाखरापर्यंत पोचलं असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी संतोषनं थर्मासमधला चहा बशीत ओतला आणि वर सढळ हातानं साखर घातली, जी तुम्हाला डॉक्टरनं बंद केली होती. कावळा आला, शिवला आणि गेला. सगळे सुटले. मी तेवढा दिलेल्या शब्दात अडकून बसलो.

म्हणून हे लिहायला घेतलंय. कायदा करणं माझ्या हातात नाही, कागद काळे करणं आहे. तीस वर्षं सरकारी पगार त्याच कामाचा घेतोय.

तुम्ही माझ्या बायकोचे, मंगलचे, थोरले भाऊ, आणि मी तुमचा एकुलता एक दाजी. मेव्हण्यानं दाजीची टिंगल करायची आणि दाजीनं रुसायचं, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. तुम्ही ती शेवटपर्यंत इमानानं पाळली. पहिल्या दिवाळसणाला मला नवे बूट घालून रानात नेलंत, आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत. एक बूट तिथंच राहिला. तो काढायला तुम्ही दोन गडी बोलावलेत आणि वर म्हणालात, "दाजी, रान तुमाला सोडंना बगा. घरजावई व्हता का?" परवा तुमचं सामान आवरताना वहिनींनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. तेव्हा मला कळलं, टिंगल करणारं माणूस गेलं की माणसाचं वजनच कमी होतं. उगं मोठं झाल्यासारखं वाटतं, आणि ते काही चांगलं वाटत नाही.

पण अण्णा, मला बोलायचंय ते शाळेबद्दल. तुमच्या हयातीत आपण त्याबद्दल इतकं बोललो, आणि तरी ते राहिलंच.

कोरोनाचा तो पहिला उन्हाळा. मंगल आणि मी पुण्यात मुलाकडं अडकलो होतो, आणि इकडं गावात तुम्हा बहीणभावांच्या मायनं अंथरूण धरलेलं. कोरोना नव्हता तो. वय झालं होतं, मायचा दिवा मिणमिणायला लागला होता. मंगलनं अन्नपाणी सोडल्यासारखं केलं, तेव्हा मुलानं कुठनं तरी पास मिळवला. देवगाव फाट्यावर पोलिसांनी गाडी अडवली, कपाळाला ती तापाची बंदूक लावली, पास उलटसुलट करून बघितला आणि सोडलं. आम्हाला वाटलं, जिंकलं. आता झरी गेली की गाव.

गावाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या, आणि काट्यांच्या पलीकडं हातात काठी घेऊन, तोंडाला वहिनींच्या जुन्या लुगड्याचा मास्क बांधून, गावचे पोलीस पाटील उभे होते. म्हणजे तुम्ही.

मी गाडीतून उतरून हसलो. मला वाटलं, दाजीची टिंगल चाललीय. तुम्ही हसला नाहीत.

"बाहीरून आलेल्यांनी शाळेत ऱ्हायचं. चौदा दिवस," तुम्ही म्हणालात. आमच्याकडं न बघता, गाडीच्या नंबर प्लेटकडं बघून.

"अण्णा, माय कशी हाय?" मंगलनं विचारलं.

"हाय."

"मला दारातनं बघू दे. आत पाय बी ठिवत न्हाई."

"हुकूम हाय, मंगल. म्या सही केलीया."

जावयाचा मान म्हणतात तो मला त्या गावात भरपूर मिळाला होता, पण चौथीच्या वर्गात सतरंजी टाकून, पाढ्यांच्या तक्त्याखाली झोपायचा मान तेव्हाच मिळाला. शेजारच्या वर्गात कारखान्यावरून परतलेल्या ऊसतोडीच्या टोळीतली माणसं होती. रुक्मिणबाई म्हणून त्यांच्यात एक होती, आवाजानं पत्रा हलेल अशी. तिची म्हातारी सासू गावात एकटी होती आणि चूल कोण पेटवतंय याचा तिला घोर. ती फाटकाशी येऊन तुम्हाला हाका मारायची. तुम्ही सासूला डबा पोचवलात, दोन्ही वेळा, स्वतःच्या घरचा. पण रुक्मिणबाईला सोडलं नाहीत.

आम्हालाही डबा यायचा. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, आणि माझ्यासाठी वेगळं लोणचं. मान ठेवलात, तेवढ्यात तेवढा.

त्या फाटकातून मायच्या घरावरचा पत्रा दिसायचा. मंगल दिवसभर तिकडं तोंड करून बसायची. तुम्ही आलात की ती एकच बोलायची, "दुरून बघते." आणि तुम्ही एकच बोलायचात, "गुन्हा दाखल व्हतो, मंगल." शेवटी एकदा तुम्ही जरा वेगळं बोललात. "रुक्मिणबाईला सोडलं न्हाई. तुला सोडलं तर उद्या ती माणसं मला काय म्हणतील?" मंगल म्हणाली, "मग तिला बी सोड." तुम्ही डब्याचं झाकण बसलंय का बघितलंत आणि गेलात.

माय गेली ती सकाळीच. तुम्ही सांगायला आला नाहीत. सांगायची गरजच पडली नाही, रडण्याचा आवाज थेट शाळेत आला.

आपल्या गावचा विसावा वडाखाली, ओढ्याच्या अलीकडं. तिरडी तिथंच टेकवायची, तिथंच खांदे बदलायचे, हे आज्यापणज्यापासून चालत आलेलं. त्या दिवशी तुम्ही मयत वडाकडं नेलंच नाहीत. मोजकी माणसं, सगळ्यांची तोंडं बांधलेली. तुम्ही पुढं विस्तवाच्या मडक्याचं शिंकाळं धरून चाललेले. एकदम वळलात ते शाळेच्या रस्त्याला. मागून कुणीतरी बोललं, "पाटील, विसावा हिकडं हाय." तुम्ही म्हणालात, "आज तिकडं हाय." फाटकापासून थोडं अंतर ठेवून तुम्ही तिरडी खाली ठेवायला लावलीत, मायच्या तोंडावरचं कापड बाजूला केलंत आणि स्वतः पाठ करून उभे राहिलात.

मंगल रडली नाही. आधी मायकडं बघितलं, मग तुमच्या पाठीकडं. आणि म्हणाली, "जित्तेपणी दावायची व्हती."

ते तिचं तुमच्याशी सरळ बोललेलं शेवटचं वाक्य.

त्यानंतर तुम्हा बहीणभावांचं जे सुरू झालं, त्याला भांडण म्हणावं तर भांडण नव्हतं. मंगल दर भाऊबीजेला आली. तुम्हाला ओवाळलं, तुमच्या ताटात वाढलं, तुमच्या पायाच्या दुखण्यावर तेल करून आणलं. फक्त बोलायची माझ्यातून. एकाच बैठकीत तुम्ही पश्चिमेला, ती पूर्वेला आणि मधे मी, पोस्टाच्या पेटीसारखा.

"त्यांना म्हणावं, शुगरची गोळी घेतली का."

मी वळून म्हणायचो, "अण्णा, गोळी घेतली का?"

"तिला म्हणावं, घेतली."

"घेतली म्हणतात."

"त्यांना म्हणावं, खोटं बोलू नका, पाकीट भरलेलं हाय."

एकदा मी वैतागून म्हणालो, की मला या कामाचा भत्ता मिळाला पाहिजे. तुम्ही दोघंही एकाच वेळी हसलात. एकसारखं, नाकातून. मायही तसंच हसायची. मला वाटलं, आता फुटलं धरण. पण पाटबंधारे खात्यातल्या माणसाला पाण्याचा अंदाज कधी आलाय? दोघंही पुन्हा माझ्याकडं वळलात.

पाटीलकी सुटल्यावर तुम्ही तो साथरोग कायदा शोधून काढलात, ज्याच्या जोरावर आम्हाला शाळेत ठेवलं होतं. परभणीच्या एका वकिलाकडून तुम्ही त्याची प्रत आणलीत, आणि तिथल्याच आमच्या घरी येऊन माझ्यापुढं ठेवलीत. मंगल आत स्वयंपाकघरात. तिला ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही बोलायला लागलात.

"दाजी, एवढाच हाय. चार कलमं. इंग्रजानं प्लेगाला भिऊन केलेला. तवा आपला मुलूख निजामाचा. आपल्या आज्याला लागू नव्हता, अन् आपल्याला लागला!"

"मधे दुरुस्ती झाली ना?" मी म्हणालो, पेपर वाचणारा माणूस म्हणून.

"झाली. डॉक्टर-सिस्टरवर हात उचलणाऱ्याला शिक्षा. ती ब्येस केली. पर बाकीचं बगा. सरकारनं वाटंल तो हुकूम काढावा, हे हाय. न ऐकणाऱ्याला शिक्षा, हे हाय. आन् हे शेवटचं वाचा. चांगल्या बुद्धीनं जे केलं त्याबद्दल कुणावर दावा चालणार न्हाई." तुम्ही चष्मा काढलात. "म्हंजी मला संरक्षण हाय, दाजी. मंगल कोरटात माझं काई करू शकत न्हाई."

आत भांडं आपटलं.

"आता ज्याला कोंडला त्याच्यासाठी काय लिवलंय, ते हुडका," तुम्ही म्हणालात.

मी हुडकलं. काही नव्हतं. त्याला जेवण कुणी द्यायचं, नव्हतं. का ठेवलंय ते सांगायचं, नव्हतं. दाद कुणाकडं मागायची, नव्हतं.

तेव्हापासून तुम्हाला ध्यास लागला. जुना साथरोग कायदा मोडीत काढून सार्वजनिक आरोग्याचा नवा कायदा करायचं चाललंय, असं अधूनमधून पेपरात यायचं, आणि तुम्ही ते कात्रण घेऊन परभणीची एसटी धरायचात. त्यात एक कलम तुम्हाला घालायचं होतं. एकच. बाकीचं शहाणी माणसं बघतील म्हणायचात. आणि ते कलम लिहायची जबाबदारी माझ्यावर, कारण सरकारी मराठी मला येते.

मी जीव तोडून लिहिलं. 'विलगीकरणाधीन व्यक्तीस आसन्नमरण आप्तेष्टाच्या अंत्यदर्शनाची सशर्त अनुज्ञा प्रदान करण्यात यावी.' दोनदा वाचून मलाच माझा अभिमान वाटला.

तुम्ही कागद लांब धरलात, जवळ धरलात. "दाजी, ह्ये मायला समजलं असतं का?"

"मायला कशाला समजायला पाहिजे? मंत्रालयात समजलं म्हणजे झालं."

"मंत्रालयातल्याला माय न्हाई का?"

मग आपण दोघांनी बसून पुन्हा लिहिलं. 'ज्याला साथीत वेगळं ठेवलंय, त्याचं जवळचं माणूस मरणाला टेकलं असेल, तर त्याला ते माणूस जिवंतपणी बघू द्यावं. डॉक्टरनं सांगितलेलं अंतर ठेवून आणि तोंड बांधून. नाही म्हणायचं असेल, तर अधिकाऱ्यानं कारण लिहून द्यावं.' कारण लिहून द्यावं, हे तुमचं. तुम्ही म्हणालात, नुसतं तोंडी न्हाई म्हणणं लय सोपं असतं, लिहायला बसलं की हात थबकतो.

त्यावरून आपण किती भांडलो, अण्णा. एकदा तर झरीच्या बाजारात, कांद्याच्या ढिगाशी उभं राहून. मी म्हणालो, खरंच आमच्या अंगात रोग असता आणि मायबरोबर शेजारपाजारची चार माणसं गेली असती, तर? तुम्ही म्हणालात, म्हणूनच तर अंतर लिवलंय, डॉक्टर लिवलाय. मी म्हणालो, अहो, कायद्यानं माया येत नसते. कांदेवाला नवराबायकोच्या भांडणात सापडलेल्या साक्षीदारासारखा ऐकत होता. आणि मग मी ते बोललो, जे बरेच दिवस माझ्या पोटात होतं. "अण्णा, तुम्हाला उघडायचं असतं तर कलमावाचूनही उघडता आलं असतं. ते तुमचंच गाव, तुमचीच काठी."

तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही एक कांदा उचलला, दाबून बघितला, परत ठेवला.

"आलं असतं," तुम्ही म्हणालात. "शूर माणसाला आलं असतं. त्याला कायदा लागतच न्हाई, दाजी. कायदा माझ्यासारख्या भित्र्यासाठी असावा लागतो. म्या तहसीलच्या फोनला भ्यालो. गावाला भ्यालो. रोगाला बी भ्यालो, खोटं कशाला बोलू. माया व्हती की. पर एवढ्या भ्यावात मायेला कुणी तरी म्हनायला पायजे, की जा, तुला परवानगी हाय."

मी त्यावर काहीतरी चटकदार बोललो असणार. मला आता आठवत नाही. तुमचं तेवढं आठवतंय.

ते कलम तुम्ही ग्रामसभेत नेलंत, तेव्हा मी पाहुणा म्हणून मागच्या खुर्चीत होतो. सभा नालीवर अडकली होती. नाली झाली, घरकुलं झाली, खांबावरचे दिवे झाले, निम्मी माणसं उठून चहाला गेली, आणि मग 'आयत्या वेळचे विषय' म्हणून तुम्ही उभे राहिलात. कागद न बघता बोललात. शाळेचं, फाटकाचं, मायचं. सगळं सांगितलंत, स्वतःला कुठंही न वाचवता. पारावरची पोरं मोबाइलमधून मान वर करून बघायला लागली.

एक जण म्हणाला, "अण्णा, कायदे दिल्ली-मुंबईत व्हतात. आपल्या ठरावानं काय व्हनार?"

दुसरा म्हणाला, "पुन्यांदा साथ आल्यावर बगू की."

तेव्हा रुक्मिणबाई उठली. तिचा आवाज तसाच होता. "पुन्यांदा आल्यावर मंग तुमी आमालाच कोंडनार. तुमी गावातच असता, बाहीरून येतो ते आमी." मग ती तुमच्याकडं वळली. "ह्या मानसानं मला बी सोडलं न्हाई अन् सख्ख्या बहिणीला बी सोडलं न्हाई. मानूस सरळ हाय. पर सरळ मानसाचा जाच लय वंगाळ, बाई! वाकड्याला हातपाय तरी जोडता येतात. ग्रामसेवक, लिवा ते."

हशा पिकला आणि त्या हशातच ठराव मंजूर झाला. तुम्ही बसलात ते खुर्चीचा हात धरून. मी विचारलं, तर म्हणालात, शुगर.

ठराव वर गेला. कुठपर्यंत गेला ते मी सांगू शकत नाही. कागद वर जाताना काय होतं ते माझ्या खात्यात मी रोज बघतो, त्यामुळं तुम्हाला खोटी आशा लावली नाही. तुम्ही मात्र घरी आलात की आत ऐकू जाईल असं म्हणायचात, "तिला म्हणावं, ठराव झाला." आणि मंगल म्हणायची, "त्यांना म्हणावं, चहा घ्या."

आणि मग हे दवाखान्याचं आलं. छातीत पाणी झालं, तुम्हाला परभणीला आणलं. आयसीयूच्या दाराशी बसलेला माणूस म्हणाला, एकानंच जायचं, पाच मिनिटं. मंगल उठली. आत गेली. मी काचेतून बघत होतो. ती तुमच्या पायाशी उभी राहिली, चादर नीट केली, नळीकडं बघितलं, मशीनकडं बघितलं. तिचे ओठ काही हलले नाहीत. बाहेर आली आणि मला म्हणाली, "त्यांना म्हणावं, घाबरू नका."

मी म्हणालो, "अगं, आत्ता तर तू..." पण तिचा चेहरा बघितला आणि उठलो. दारावरच्या माणसाला सांगितलं, एक निरोप द्यायचाय. तो म्हणाला, आत्ताच बाई जाऊन आल्या की. मी म्हणालो, त्यांचाच निरोप आहे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की याला कुठल्या वॉर्डात ठेवावं. पण सोडलं.

मी तुमच्या कानाशी वाकलो. "अण्णा, मंगल म्हणतेय, घाबरू नका."

तुम्ही मास्कच्या आतून हसलात, नाकातून. मास्कवर वाफ धरली. तो जरा बाजूला सारून म्हणालात, "तिला विचारा... ते कलम आलं कायद्यात... तर तिला बरं वाटंल का?"

मी बाहेर येऊन विचारलं. शब्द न् शब्द, इमानी पोस्टमनसारखं. ती समोरच्या भिंतीकडं बघत बसली. मी पुन्हा विचारलं नाही. पहाटेच तुम्ही गेलात. तुमचा तो प्रश्न असा बिनउत्तराचा राहिला, अण्णा, आणि मी कावळ्याला नको ते बोललो ते त्यामुळंच. तुम्हाला उत्तर हवं होतं, कायदा नव्हे. आणि उत्तर माझ्याजवळ नव्हतं, म्हणून मी कायदा कबूल करून बसलो.

माझ्याकडून तुम्हाला द्यायचं एवढंच राहिलंय. तुमच्याशी भांडताना मी जिंकलो असं मला पुष्कळदा वाटलं. मराठी माझी बरी होती, वाक्यं माझी गोळीबंद होती. पण आता ऑफिसात कुणी काउंटरवर येतं, मी सवयीनं 'नाही' म्हणायला तोंड उघडतो आणि मनात येतं, हे लिहून दे बरं. निम्म्या वेळी 'नाही' गळ्यातच राहतं. माझे साहेब म्हणतात, तुमचा निपटारा हल्ली वाढलाय. तुमचं कलम दिल्लीला पोचलं की नाही ठाऊक नाही. आमच्या ऑफिसात एका टेबलावर ते लागू झालंय.

नवा कायदा येईल तेव्हा येईल. आला की मी तो पहिल्या ओळीपासून वाचीन, चष्मा लावून, तुमच्या वाटणीचाही.

आज दुपारी हे सगळं मंगलला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत बसली होती. बुटाच्या गोष्टीला हसली, रुक्मिणबाईच्या बोलण्याला हसली, शाळा आल्यावर लसूण सोलायची थांबली. वाचून झालं. मी उठून जायला लागलो, तेव्हा म्हणाली, "बाकी बरोबर लिहिलंय. एक राहिलं. त्या फाटकाला कुलूप नव्हतं. सुतळी व्हती, पोत्याची. अण्णा डबा ठेवून गेला की मी ती रोज हातात धरायचे. गाठ सैल व्हती, वढली असती तरी सुटली असती. त्याला एकट्याला भित्रा लिहू नका. ते कलम असतं ना, तर मी बी सोडली असती."